हिंदमाताचे पाणी संगणकात कसे साठते?

दादरच्या हिंदमाताला पाणी भरणार हे सांगायला मुंबईकराला संगणक लागत नाही. मिलन सबवे, अंधेरी सबवे, किंग्ज सर्कल या सखल जागांची नावे दर जूनमध्ये पाढ्यासारखी म्हटली जातात, आणि बहुतेक वेळा ती खरीही ठरतात. परंतु या अनुभवाची एक मर्यादा आहे. ताशी साठ मिलिमीटरचा पाऊस सलग दोन तास पडला आणि नेमकी त्याच वेळी भरती असली, तर पाणी गुडघ्याशी थांबेल की कमरेपर्यंत चढेल, ते किती वाजता ओसरू लागेल, आणि नाला दोन मीटरने रुंद केल्यास इथे कमी झालेले पाणी पुढच्या वस्तीत कोणाच्या दारात जाऊन उभे राहील, या प्रश्नांना अनुभवाकडे उत्तर नसते, कारण ती परिस्थिती अजून घडलेलीच नसते. न घडलेल्या पुराचा हिशेब मांडण्यासाठी अभियंते संगणकीय मॉडेल वापरतात. हे मॉडेल म्हणजे नेमके काय, ते कुठे बरोबर येते आणि कुठे चुकते, हे समजून घेण्यासाठी गणिताची पदवी आवश्यक नाही.

सुरुवात साध्या गुणाकाराने करता येते. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर जमिनीवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५०० घनमीटर, म्हणजेच पाच लाख लिटर पाणी जमा होते. मातीचे मैदान असेल तर त्यातले बरेचसे जिरते. डांबर, काँक्रीट आणि पत्र्यांची छपरे असतील तर जवळजवळ सगळेच वाहू लागते. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस आणि त्यातला निम्माच वाहून येईल, असे धरून आखलेल्या होत्या. शहराच्या पर्जन्यजल निचऱ्याचा आराखडा मांडणाऱ्या १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने हे माप ताशी ५० मिलिमीटर आणि संपूर्ण पाऊस वाहणार असे धरले. दोन्ही आकडे दुप्पट झाल्यामुळे वाहिनीने वाहून न्यायचे पाणी प्रत्यक्षात चौपट झाले. एवढ्याने पाणी किती येणार ते कळते. ते कुठे जाणार, हे सांगणे मात्र अवघड आहे, आणि मॉडेलचे काम तिथून सुरू होते.

संगणक शहराच्या नकाशावर चौकटींची जाळी टाकतो. प्रत्येक चौकटीची जमिनीची उंची आणि तिच्यात या क्षणी असलेले पाणी त्याला माहीत असते. मग तो प्रत्येक चौकटीचा जमाखर्च मांडतो: वरून पाऊस किती आला, शेजारच्या चार चौकटींतून किती शिरले, किती बाहेर गेले आणि किती शिल्लक राहिले. शिल्लक वाढली की पाण्याची पातळी चढते, पातळी चढली की पाणी शेजारी ढकलले जाते, आणि हे चक्र काही सेकंदांच्या टप्प्याने हजारो वेळा फिरते. या जमाखर्चाचा नियम जुनाच आहे. बारे द सें-व्हेनाँ या फ्रेंच अभियंत्याने १८७१ मध्ये उथळ प्रवाहाची समीकरणे मांडली. पाणी नष्ट होत नाही, हे त्यांतले पहिले तत्त्व. पाण्याला उतार आणि पातळीतला फरक पुढे ओढतो, तर तळाचे घर्षण मागे खेचते, हे दुसरे. आजची बहुतेक पूर-मॉडेले याच दोन तत्त्वांच्या कुठल्या ना कुठल्या रूपावर चालतात.

घर्षणाचा आकडा मात्र निसर्ग आयता देत नाही. रॉबर्ट मॅनिंग या आयरिश अभियंत्याच्या सूत्रात खडबडीतपणासाठी एक गुणांक असतो. गुळगुळीत काँक्रीटसाठी तो ०.०१३ च्या आसपास धरतात, दगडगोट्यांच्या ओढ्यासाठी ०.०३५ च्या जवळपास, आणि झुडपांनी भरलेल्या पात्रासाठी ०.१ पर्यंत. या सूत्रानुसार गुणांक दुप्पट झाला की पाण्याचा वेग निम्मा होतो. काँक्रीटने बांधलेला नाला मे महिन्यात साफ असताना एका गुणांकाने वाहतो आणि जुलैमध्ये प्लास्टिक, थर्माकोल नि गाद्या अडकल्या की दुसऱ्याच गुणांकाने. शिवाय गाळामुळे नाल्याची खोलीही घटते, म्हणजे वेग आणि जागा दोन्ही कमी होतात. मॉडेल बनवणाऱ्याने कुठला नाला गृहीत धरायचा, कागदावरचा की प्रत्यक्षातला? कागदावरचा धरला तर उत्तर नेहमीच दिलासादायक येते, म्हणून अशा अहवालांत मी सर्वांत आधी गाळाबद्दल काय गृहीत धरले आहे ते शोधतो.

संगणक येण्यापूर्वीही मॉडेले होती, फक्त ती खऱ्या पाण्याची होती. १९१६ मध्ये सुरू झालेल्या आणि आता खडकवासल्याला असलेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळेच्या आवारात नद्या, बंदरे आणि धरणांचे सांडवे यांच्या लहान प्रतिकृती उघड्यावर बांधून त्यांत पाणी सोडले जाते. सांडव्याखाली उसळणाऱ्या पाण्यासारख्या गुंतागुंतीसाठी ती पद्धत आजही वापरात आहे. पण कुर्ल्याच्या सगळ्या गल्ल्या, चाळी आणि गटारे सिमेंटमध्ये बांधणे व्यवहार्य नाही, आणि प्रतिकृती फार लहान केली तर तिच्यातला पाण्याचा पातळ थर खऱ्या पाण्यासारखा वागत नाही. शहरांसाठी म्हणूनच संगणकाकडे वळावे लागले.

नदीचा पूर आणि शहरातला पूर यांचे मॉडेल एकाच प्रकारचे नसते. सांगलीत कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ फुटाफुटाने चढते आणि लोक रात्रभर आकडे विचारत राहतात. नदी पात्रात असेपर्यंत पाणी एकाच दिशेने जाते, म्हणून ठरावीक अंतरांवर पात्राचे आडवे छेद मोजून एका रेषेवर हिशेब करता येतो. याला एकमितीय मॉडेल म्हणतात आणि ते साध्या संगणकावरही झटपट चालते. पाणी पात्र सोडून गावात शिरले की दिशेचा हा नियम मोडतो. ते चौकात दोन्हीकडे फुटते, रस्त्याने मागे येते, आवाराच्या फाटकातून शिरते आणि दुसऱ्या बाजूच्या तुटक्या भिंतीतून बाहेर पडते. तेव्हा चौकटींची द्विमितीय जाळी अपरिहार्य होते. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी विकसित केलेल्या आणि फुकट मिळणाऱ्या ‘हेक-रास’ या आज्ञावलीत ही द्विमितीय सोय २०१६ मध्ये आली. त्यानंतर महाविद्यालयातला विद्यार्थीही आपल्या गावाचा पूर संगणकावर वाहवू शकतो. ही सोय चांगली आहे, मात्र रंगीत नकाशा सहज निघतो म्हणून तो विश्वासार्हही असतो असे नाही.

विश्वासार्हतेचा पहिला कस लागतो जमिनीच्या उंचीपाशी. शहरातल्या पाण्याला वळवण्यासाठी वीतभर उंचीचा पदपथ पुरतो. फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारने केलेल्या जागतिक सर्वेक्षणाच्या उंचीच्या नोंदी कोणालाही फुकट मिळतात, पण त्यांतली एक चौकट सुमारे तीस मीटरची असते आणि उंचीतली चूक काही मीटरपर्यंत जाते. त्यातच रडारला दिसतो तो इमारतींचा आणि झाडांचा माथा, खालचा रस्ता नव्हे. अशा नोंदींवर डोंगरदऱ्यांतल्या मोठ्या नदीचा ढोबळ अंदाज बांधता येईल, पण दादरच्या गल्लीचा नाही. शहरासाठी विमानातून किंवा ड्रोनमधून लेझरच्या झोताने मोजणी करावी लागते. तिला लायडार म्हणतात, आणि तिच्यातली उंचीची चूक साधारण वीतभर किंवा त्याहून कमी असते.

लायडारच्या नोंदीही जशाच्या तशा वापरता येत नाहीत. वरून पाहणाऱ्या लेझरला उड्डाणपूल म्हणजे जमिनीवरची भिंत वाटते. तो पूल नोंदींतून काढून टाकला नाही, तर मॉडेलमध्ये त्याच्या एका बाजूला भलामोठा तलाव साचतो आणि दुसरी बाजू कोरडी राहते. नाल्यावरचे पूल, मेट्रोचे मार्ग, बाजारावरचे ताडपत्रीचे छत या सगळ्यांचे तसेच. रेल्वेचा भराव मात्र खरोखरच बांध असतो आणि त्याखालची मोरी वरून दिसत नाही, त्यामुळे ती कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन मोजून नोंदींत टाकावी लागते. म्हणजे एक खोटी भिंत काढायची आणि एक खरे भोक पाडायचे. हे काम आठवडेच्या आठवडे चालते आणि नुसत्या टेबलाशी बसून होत नाही.

मग इमारतींचा प्रश्न येतो. काही जण इमारतीच्या जागी जाळीला भोक ठेवतात, म्हणजे तिथे पाणी शिरतच नाही. काही जण तिथली जमीन उंच दाखवतात. आणखी काही जण पाणी आत शिरू देतात, पण खडबडीतपणाचा गुणांक एवढा वाढवतात की ते रांगत जाते. टोलेजंग इमारतीसाठी पहिला उपाय ठीक आहे. तळमजल्यावर दुकाने असलेल्या चाळीत किंवा झोपडवस्तीत मात्र पाणी सरळ घरात शिरते आणि तिथेच साठते, त्यामुळे तिला भोक मानले तर साठवणीची ती जागा हिशेबातून गायब होते आणि मॉडेल रस्त्यावर वाजवीपेक्षा जास्त पाणी दाखवते. तळघरातल्या वाहनतळांचेही तसेच. त्याहून त्रासदायक आहेत आवाराच्या सीमाभिंती. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा भिंती कोसळल्या आणि माणसे दगावली. भिंत उभी असेपर्यंत पाणी तिच्यामागे चढत राहते आणि ती पडली की साठलेले पाणी एकदम सुटते. ती कोणत्या पातळीला पडेल हे कोणतेही समीकरण आपणहून सांगत नाही, म्हणून विवेकी अभियंता मॉडेल दोनदा चालवतो, एकदा भिंत धरून आणि एकदा ती पडली असे मानून.

जमिनीवरच्या या शहराखाली दुसरे शहर आहे, वाहिन्यांचे. त्यासाठी वेगळी मॉडेले असतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९७१ मध्ये तयार केलेली ‘स्वम’ ही आज्ञावली त्यांतली सर्वांत परिचित, आणि ती आजही नवनव्या आवृत्त्यांत वापरली जाते. वरची जाळी आणि खालच्या वाहिन्या मॅनहोल नि गटाराच्या जाळ्यांपाशी एकमेकींना जोडतात. वाहिनीत जागा असेपर्यंत पाणी वरून खाली जाते, आणि वाहिनी तुडुंब भरून दाब वाढला की तेच मॅनहोल झाकण उचलून पाणी वर ओकू लागते. मुसळधार पावसात उंचावरच्या रस्त्यावरून शिरलेले पाणी सखल भागात मॅनहोलमधून वर येते ते यामुळेच. हिंदमाताचा परिसर बशीसारखा खोलगट असल्याने तिथे वाहिनीतून वर येणारे आणि रस्त्याने उतरणारे, असे दोन्ही पाणी एकत्र होते. तिथे महापालिकेने जवळच्या दोन मैदानांखाली मोठ्या टाक्या बांधल्या आहेत, म्हणजे पावसाचा जोर असताना पाणी टाकीत थांबवायचे आणि ओहोटीला ते सोडायचे. अशा टाकीचा आकार ठरवणे हे मॉडेलचे अगदी खास काम आहे, कारण टाकी तासाभरात भरते की तीन तासांत, यावर तिचा सगळा उपयोग अवलंबून असतो.

ओहोटीचा उल्लेख आलाच आहे. मुंबईच्या वाहिन्या समुद्राला किंवा खाडीला जिथे मिळतात त्या १८६ पातमुखांपैकी केवळ सहा भरतीच्या पातळीच्या वर आहेत. बाकीच्या ठिकाणी भरतीच्या वेळी समुद्रच वाहिनीत शिरू पाहतो. त्यामुळे या शहराच्या मॉडेलमध्ये वरच्या टोकाला पाऊस द्यावा लागतो, तसे खालच्या टोकाला समुद्राची पातळी मिनिटामिनिटाने द्यावी लागते. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर असते आणि वर्षभराचे वेळापत्रक आधीच छापलेले असते, म्हणून हा भाग तसा सोपा आहे. पातमुखांचे दरवाजे बंद करून पाणी उपसणारी हाजी अली, लव्ह ग्रोव्ह, इर्ला यांसारखी उदंचन केंद्रे मॉडेलमध्ये कधी सुरू होतात हेही सांगावे लागते. पंप सुरू व्हायला उशीर झाला किंवा वीज गेली, तर काय होईल, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

पाऊस मात्र अजिबात सोपा नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याच्या वेधशाळेत अवघा ७३ मिलिमीटर. एकाच शहरातल्या या दोन नोंदींपैकी कुठली मॉडेलला द्यायची? दोन्हींची सरासरी काढली, तर ती शहरातल्या कुठल्याच वस्तीत पडली नव्हती. विहार तलावाकडून निघून विमानतळाच्या धावपट्टीखालून आणि वांद्रे-कुर्ला संकुलाच्या कडेने सुमारे अठरा किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीला मिळणाऱ्या मिठी नदीने त्या दिवशी हाहाकार केला, कारण पाऊस तिच्याच पाणलोटात कोसळला होता. त्यानंतर शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापके बसवण्यात आली आणि वेरावलीला दुसरे डॉप्लर रडार उभे राहिले. पर्जन्यमापक एका बिंदूवरचा नेमका आकडा देते, तर रडार सगळ्या आकाशाचा अंदाज देते, आणि दोन्ही जुळवून दर काही मिनिटांचा पावसाचा नकाशा बनतो. तासाचा एकूण आकडा यासाठी पुरत नाही. १०० मिलिमीटर पाऊस तासभर सारखा पडणे आणि त्यातला ७० मिलिमीटर वीस मिनिटांत कोसळणे, या दोन घटनांतून गल्लीतल्या पाण्याची उंची पूर्णपणे निराळी येते.

आता जाळी किती बारीक ठेवायची, याकडे वळू. मिठीचे पाणलोट सुमारे ७० चौरस किलोमीटरचे धरले आणि दहा मीटरची चौकट घेतली, तर सात लाख चौकटी होतात. पण दहा मीटरच्या चौकटीत अख्खी गल्ली आणि तिच्या दोन्ही बाजूंची घरे एकाच उंचीची बनून जातात. दोन मीटरची चौकट घेतली तर गल्ली दिसू लागते, पण चौकटी पावणेदोन कोटी होतात. शिवाय वेळेचा टप्पाही लहान करावा लागतो, कारण एका टप्प्यात पाण्याची लाट एका चौकटीपेक्षा पुढे जाता कामा नये. ती पुढे गेली तर हिशेब कोलमडतो आणि मॉडेल अर्थहीन आकडे देऊ लागते. कुरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी या तीन गणितज्ञांनी ही अट १९२८ मध्ये, म्हणजे आजच्या अर्थाने संगणक अस्तित्वात येण्यापूर्वीच, मांडून ठेवली होती. एक मीटर खोल पाण्यातली लाट सेकंदाला साधारण तीन मीटर जाते. त्यामुळे दहा मीटरच्या चौकटीला तीन सेकंदांचा टप्पा चालतो, तर दोन मीटरच्या चौकटीला अर्ध्या सेकंदाच्या आसपास यावे लागते. चौकट पाचपट बारीक केली की काम पंचवीस गुणिले पाच, म्हणजे सव्वाशे पटींनी वाढते. व्हिडिओ गेमसाठी बनलेल्या ग्राफिक्स चिपा अशा हजारो चौकटींचा हिशेब एकाच वेळी करू शकतात, म्हणून गेल्या काही वर्षांत हे काम पुष्कळ वेगाने होऊ लागले आहे. तरीही पूर येत असताना इशारा द्यायचा असेल, तर आधी शेकडो प्रकारचे पाऊस आणि भरत्या चालवून नकाशांचा साठा करून ठेवणे आणि ऐन वेळी त्यांतला जवळचा नकाशा शोधणे, हा मार्ग अधिक भरवशाचा ठरतो.

मॉडेल तयार झाले की त्याची परीक्षा जुन्या पुरावर घेतात. घडून गेलेला पाऊस आणि भरती त्याला देतात आणि त्याने काढलेली पातळी प्रत्यक्ष पातळीशी ताडून पाहतात. अडचण अशी की नदीवर मोजपट्टी असते, पण गल्लीत नसते. तिथे उपयोगी पडतात त्या भिंतींवरच्या चिखलाच्या रेषा, दुकानदाराने खडूने केलेली खूण, आणि आता लोकांच्या मोबाइलमधली छायाचित्रे, ज्यांत मागे विजेचा खांब किंवा पायरी दिसत असेल तर पाण्याची उंची बऱ्यापैकी काढता येते. या ताळमेळासाठी अभियंते गुणांक थोडे वरखाली करतात, आणि इथे एक मोह असतो. खरी चूक हरवलेल्या मोरीत असताना खडबडीतपणा वाढवून उत्तर जुळवता येते. असे मॉडेल त्या एका पुराला बरोबर उत्तर देते आणि पुढच्या पुराला सपशेल फसते. म्हणून एका पुरावर जुळवलेले मॉडेल, जुळवताना न वापरलेल्या दुसऱ्या पुरावर तपासणे आवश्यक असते.

मिळालेल्या नकाशाचे वाचनही जपून करावे लागते. केवळ खोली पाहून धोका कळत नाही. खोली आणि वेग यांचा गुणाकार पाहावा लागतो, कारण कमरेइतक्या संथ पाण्यात माणूस उभा राहू शकतो, पण गुडघ्याइतके वेगवान पाणी त्याला लोळवते. लहान मोटार तर फूटभर पाण्यातही तरंगू लागण्याची शक्यता असते. महाराष्ट्रात नदीकाठी आखलेल्या पूररेषांबाबतचा गैरसमज त्याहून मोठा आहे. निळी रेषा सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. याचा अर्थ यंदा पूर आला की पुढची नव्याण्णव वर्षे सुटका झाली, असा नाही. दर वर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का असते, आणि तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तो किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे सव्वीस टक्के भरते. निळ्या रेषेवरच्या घरासाठी हाच आकडा सत्तर टक्क्यांच्या वर जातो. शिवाय या रेषा भूतकाळातल्या पावसावरून काढलेल्या असतात, त्यामुळे पावसाची तऱ्हा बदलली तर रेषाही सरकते.

मुंबईसाठी केंद्रीय भूविज्ञान मंत्रालय आणि महापालिका यांनी मिळून उभारलेली ‘आयफ्लोज-मुंबई’ ही इशारा-प्रणाली जून २०२० मध्ये सुरू झाली. पावसाचा अंदाज, नद्या-नाल्यांचा प्रवाह, भरती आणि वस्तीनिहाय धोका या कड्या तिच्यात एकापुढे एक जोडलेल्या आहेत, म्हणजे वर सांगितलेले बहुतेक सगळे भाग. अशा साखळीत पहिल्या कडीतली चूक शेवटपर्यंत वाहत जाते, म्हणून पावसाचा एकच अंदाज न घेता अनेक शक्यता चालवून पाहणे आणि ‘या रस्त्यावर पाणी भरण्याची शक्यता दहापैकी सात’ अशा भाषेत उत्तर देणे अधिक प्रामाणिक असते. नागरिकांना मात्र ‘भरेल’ किंवा ‘भरणार नाही’ एवढेच ऐकायचे असते, हेही तितकेच खरे.

आणि मॉडेल एकदा बनवून भागत नाही. मुंबईत रस्त्यांचे काँक्रीटीकरण होताना काही ठिकाणी रस्ता आधीपेक्षा चार-सहा इंचांनी वर येतो आणि जुन्या इमारतीचे आवार त्याच्या खाली जाते. काल रस्त्यावर वाहणारे पाणी आज त्या आवारात उतरते. लायडारची मोजणी त्या कामाच्या आधीची असेल, तर नकाशावर ते आवार अजूनही कोरडेच दिसत असते.